टाच टेकेपर्यंत

प्रस्तावना

घोट्याचं हाड मोडलेला माणूस बरा झाला, असं नेमकं कधी म्हणायचं? एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं की? कुबड्या सुटल्या की? पुन्हा कामावर गेला की?

हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा उभा केला तो खांडसच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मावशींनी. भाताच्या लावणीत, इकडच्या बोलीत आवणीत, बांधावरून पाय घसरून त्यांचा उजवा घोटा मोडला होता. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय पांढराफटक, पोटरी निम्मी झालेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून हाड चांगलं जुळल्याचं सांगितलं. मावशींनी तिकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, मला खाली बसता येईल ना?"

खाली बसणं म्हणजे त्यांच्यासाठी काय काय होतं, हे मी नंतर त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. चूल जमिनीवर. विळी जमिनीवर. भांडी अंगणात, उकिडवं बसून घासायची. रोपं उपटायची तीही उकिडवं बसूनच. प्रातर्विधीही तसाच. दोन्ही टाचा जमिनीला टेकवून बसता आलं नाही, तर त्यांचा दिवस सकाळी उठल्यापासून अडणार होता. मी त्या दिवशी "येईल, येईल" म्हणाले खरी, पण मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन पुस्तकं काढली. हाड कसं जोडावं ह्यावर प्रकरणंच्या प्रकरणं होती. टाच टेकवून बसण्यावर जेमतेम दोन-चार ओळी.

तेव्हापासून कर्जत-खालापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मी दोन गोष्टी जोडीनं करत आले. जगभर ह्या दुखापतीवर झालेलं संशोधन वाचायचं, आणि ते इथल्या पायांना लावून पाहायचं. हे पुस्तक त्यातून तयार झालं. रुग्ण, त्यांच्या घरचे, आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेले डॉक्टर अशा सगळ्यांसाठी ते लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते एकच. संशोधनानं घोट्याच्या उपचाराबद्दल फार मोलाची उत्तरं दिली आहेत. पण 'बरं होणं' म्हणजे काय, ह्याची मोजपट्टी इथल्या माणसाच्या आयुष्यातून घेतली नाही, तर ती उत्तरं अर्धीच राहतात.

आधी हा मुलूख. कर्जत आणि खालापूर हे रायगडचे दोन तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत भाताची खाचरं, वर डोंगरांच्या सोंडांवर आणि माच्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी ह्यांच्या वाड्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाचराचा बांध जेमतेम हातभर रुंद, वरून गवताळ आणि निसरडा. हातात रोपांच्या मुठी असतात, त्यामुळे तोल सावरायला हात मोकळे नसतात. पाऊल चिखलात रुतून बसतं, अंग वळतं, आणि घोटा त्या दोघांच्या मध्ये सापडतो.

खालापूरच्या बाजूला चित्र वेगळं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग, खोपोलीचे कारखाने आणि ह्या सगळ्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरच्या दुचाकी. माथेरानला मोटारींना बंदी असल्यानं तिथला सगळा कारभार पायांवर आणि खुरांवर चालत आला. घोडेवाले, हमाल, हातरिक्षा ओढणारे असे सगळे लाल मातीच्या चढउतारावर दिवसभर घोट्यावरच जगत आले. शिवाय शनिवार-रविवारी शहरातून येणारी तरुण मंडळी असतात. पेठचा किल्ला, ढाक बहिरी, कोंढाण्यावरून राजमाची, भिवपुरीचे धबधबे. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळव्याचा बूट घातला की काय होतं, हे पावसाळ्यातला कोणताही सोमवार सांगतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इथल्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेली माणसं पावसात, अंधारात, चिखलाच्या पायवाटेनं वर चढली. त्या रात्रीच्या दुःखाशी मोडलेल्या हाडाची तुलना करू नये, आणि मी करत नाही. पण रस्ता नसणं म्हणजे काय, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. इथल्या अनेक वाड्या ते रोज पाहतात. वाडीत पाय मोडला की बांबूला चादर बांधून झोळी करायची, चौघांनी आळीपाळीनं खांदा द्यायचा आणि गाडीरस्ता गाठायचा. पुढे १०८ ची रुग्णवाहिका. ती सेवा २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ती डांबरी रस्त्यापासून सुरू होते. वाडी ते डांबर हे अंतर कोणत्याही अभ्यासाच्या तक्त्यात येत नाही, आणि पुष्कळदा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आता घोटा. आपण बोटानं चाचपतो ते दोन उंचवटे म्हणजे पायाच्या दोन लांब हाडांची खालची टोकं. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचा, बाहेरचा त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचा. ह्या दोघांच्या मधल्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं, सुतारानं चौकटीत फळी नेमकी बसवावी तसं. चौकट घट्ट राहते ती अस्थिबंधांमुळे. चालताना अंगाचं सगळं वजन ह्या छोट्या जागेतून जमिनीत उतरतं. १९७६ मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन ह्यांनी मृत शरीरांच्या घोट्यांवर एक प्रयोग केला. टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकवला, तर सांध्यातल्या हाडांचा एकमेकांना टेकलेला भाग सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झाला. पूर्वी पाच बोटांवर पडणारं वजन तीन बोटांवर पडावं, तसं हे झालं. सांधा वेडावाकडा जुळला तर पुढे तो झिजतो आणि दुखतो, त्याचं कारण इथे आहे. मात्र पुढच्या अभ्यासांनी ह्याला एक महत्त्वाची जोड दिली. आतल्या बाजूचे अस्थिबंध शाबूत असतील, तर नुसतं बाहेरचं हाड मोडून टॅलस सहसा जागा सोडत नाही. म्हणून हाड मोडलं का, एवढं विचारून भागत नाही. सांधा स्थिर आहे की अस्थिर, हा खरा प्रश्न. ज्याचा सांधा स्थिर, त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रियेची गरज नसते. ह्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण पूर्णपणे ह्याच फरकावर आहे.

ह्या समजेपर्यंत पोहोचायला दोनशे वर्षं लागली. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. मोडलेला पाय हलता कामा नये हे ओळखून त्यांनी स्वतःला एका दारावर झोपवून घरी न्यायला लावलं. आमची झोळी आणि त्यांचं दार ह्यांत मला फारसा फरक वाटत नाही. १७६८ मध्ये त्यांनी हाडमोडीवर लिहिलेल्या ग्रंथात घोट्याच्या दुखापतीचं वर्णन केलं आणि पुढे त्या दुखापतीला त्यांचंच नाव पडलं. १९४८ ते १९५० च्या सुमारास डेन्मार्कच्या लाउग-हान्सेन ह्यांनी प्रयोग करून दाखवलं की घोटा कसाही मोडत नाही. पाऊल कोणत्या स्थितीत रोवलेलं होतं आणि अंग कोणत्या दिशेनं फिरलं, त्यावरून कोणतं हाड आणि कोणता अस्थिबंध कोणत्या क्रमानं तुटणार हे ठरतं. त्यांच्या वर्गीकरणात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पाऊल आत वळून जागेवर अडकणं आणि वरून अंगाचा पीळ बसणं ह्यातून होतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे चिखलात रुतलेलं पाऊल आणि मूठ टाकायला वळलेली मावशी उभी राहिली. पुढे बेल्जियमचे डानिस आणि स्वित्झर्लंडचे वेबर ह्यांनी बारीक हाड किती उंचीवर मोडलं त्यावरून अ, ब, क अशी सोपी विभागणी केली. रुग्णांच्या कागदांवर 'वेबर बी' असं लिहिलेलं दिसतं ते तिथून आलेलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच शल्यचिकित्सकांच्या एका गटानं पट्ट्या आणि स्क्रूंनी हाड पक्कं बसवण्याची शिस्तशीर पद्धत घडवायला घेतली, आणि काही दशकांत ती जगभर पसरली. आपल्याकडे 'प्लेट टाकली' म्हणतात ती हीच.

उपचार सुरू होण्याआधीच्या काही तासांत पुष्कळ काही बरंवाईट होतं. म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण डॉक्टरांकडे पोहोचण्याआधीच्या वेळेवर आहे. पाय मुरगळला की मोडला, हे ओळखायला कॅनडातल्या ओटावा शहरातले डॉक्टर इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक नियम दिला. घोट्याजवळ दुखत असताना आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबून दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. ह्यांतलं काहीच नसेल, तर मोड असण्याची शक्यता फारच कमी. पायाच्या मधल्या भागासाठीही अशाच खुणा आहेत. २००३ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा ह्या नियमातून निसटणाऱ्या मोडी २ टक्क्यांपेक्षा कमी निघाल्या. बोट आणि चार पावलं, इतकीच साधनं. आशाताईंना हे एका दुपारी शिकवता येतं. एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवायचा. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला दुखणं कळत नाही, आणि दारूच्या अंमलाखालच्या माणसाचं दुखणं भरवशाचं नसतं. त्यांना हा नियम लावू नये.

आणखी एक गोष्ट कोणत्याच परदेशी पुस्तकात मला सापडली नाही. घोटा सुजू लागण्याआधी जोडवी आणि पैंजण काढायची. सूज उतरत बोटांपर्यंत येते आणि जोडवं मांसात रुतू लागतं. बाया ते काढायला कां-कूं करतात, आणि त्यामागची भावना मला कळते. मी त्यांना सांगते, जोडवी पदरात बांधून ठेवा, बोट राहिलं तर पुन्हा घालता येतील. पाय पुठ्ठ्याच्या किंवा उशीच्या आधारानं बांधा, उंच ठेवा, आणि बोटांकडे बघत राहा. बोटं थंड, निळसर किंवा बधिर झाली तर बांधलेलं ताबडतोब सैल करा.

ह्याच ठिकाणी हाडवैद्यांविषयी बोलायला हवं. वाडीतला माणूस आधी त्यांच्याकडे जातो ह्याचं आश्चर्य वाटून घेण्यात अर्थ नाही. ते जवळ असतात, ओळखीचे असतात, त्यांच्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडत नाही. त्यांच्या हाडसांधीच्या वेलावर, म्हणजे कांडवेलीवर, बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात प्राण्यांवर अभ्यास झाले आणि हाड जुळायला तिची मदत होते असं त्यांत दिसलं. तेव्हा त्या ज्ञानाला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण सरकलेला टॅलस कोणत्याही वेलानं जागेवर येत नाही, मोडलेल्या जागी चोळल्यानं इजा वाढते, आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. हाडवैद्यांशी बोलून एवढंच ठरवता आलं की सैल बांधा, चोळू नका आणि एक्स-रेला पाठवा, तर पुष्कळ पाय वाचतील. माझा अनुभव आहे की आदरानं सांगितलं की ते ऐकतात.

आता उपचारांवरचं संशोधन. आधी एक शब्द समजून घेऊ. दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे पाहायचं असेल, तर कोणत्या रुग्णाला कोणता द्यायचा हे डॉक्टरांनी किंवा रुग्णानं न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडतात. त्यामुळे दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, धडधाकट-आजारी सारखेच वाटले जातात, आणि शेवटी दिसणारा फरक उपचाराचाच आहे असं म्हणता येतं. रुग्णानं समजून-उमजून दिलेली संमती हा अशा अभ्यासाचा पाया. भारतात असे अभ्यास नोंदवायला २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, आणि १५ जून २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. कोणालाही ती उघडून बघता येते.

साठीच्या पुढच्या माणसाचा अस्थिर घोटा घ्या. शस्त्रक्रिया की प्लास्टर? २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ६२० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला पायाच्या आकाराबरहुकूम घट्ट बसणारं खास प्लास्टर. सहा महिन्यांनी १०० पैकी सरासरी गुण होते ६६ आणि ६४.५, म्हणजे चालण्याफिरण्यात दोघं बरोबरीचे. शस्त्रक्रियेच्या गटात १० टक्के लोकांची जखम चिघळली, प्लास्टरच्या गटात फक्त १ टक्क्याची. पण वाकडं जुळण्याचं प्रमाण प्लास्टरच्या गटात १५ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्के. शिवाय प्लास्टर घातलेल्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. ह्याचा अर्थ 'म्हाताऱ्यांना प्लास्टर पुरे' असा काढणं धोक्याचं आहे. ते प्लास्टर भूल देऊन, शस्त्रक्रियागृहात, शिकलेल्या हातांनी घातलेलं होतं आणि पुढे त्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. जिथे पुढच्या आठवड्याच्या एक्स-रेसाठी रुग्ण झोळीतून खाली यायचा आहे, तिथे हा निष्कर्ष तसाच्या तसा उचलता येत नाही. त्यातून शिकायचं ते हे की उपचार निवडताना रुग्णाच्या घरापासून रुग्णालयापर्यंतची वाटसुद्धा विचारात घ्यायला हवी.

स्थिर मोडीबद्दल बातमी चांगली आहे. फिनलंडमधल्या ओउलू इथल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या प्लास्टरइतकाच चांगला परिणाम तीन आठवड्यांच्या प्लास्टरनं किंवा पट्ट्यानं मिळाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे वाचणं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला काय वाचतं, ते सांगायला नको. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ६६९ रुग्णांत प्लास्टर आणि काढता-घालता येणारा पट्टा ह्यांची तुलना झाली. सोळा आठवड्यांनी फरक दिसला नाही. आमच्याकडे आषाढात प्लास्टर भिजतं, आत खाज सुटते, वास येतो. म्हणून काढता येणारा पट्टा मला मोठी सोय वाटते. पण तो अभ्यास कोरड्या घरात बूट घालून चालणाऱ्या माणसांवरचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वावरणारा माणूस तो पट्टा कसा वापरेल, हे इथेच पाहावं लागेल.

शस्त्रक्रियेनंतर पायावर वजन कधी टाकायचं? अनेक ठिकाणी सहा आठवडे पाय टेकू देत नसत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ५६१ रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवड्यांनी वजन टाकलेले रुग्ण सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. अर्थात प्रत्येकाची हाडं आणि प्रत्येकाची जखम सारखी नसते, मधुमेहींना तर जास्त थांबावं लागतं. तेव्हा हा निर्णय आपल्या शल्यचिकित्सकाला विचारूनच घ्यायचा. पण विचारायचं मात्र नक्की. "अजून किती दिवस?" असं विचारणारा रुग्ण उतावळा नसतो, त्याच्या घरी चूल पेटायची असते.

माझ्या कामाला सर्वांत जवळचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१५ चा. प्लास्टर काढल्यावर २१४ रुग्णांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम दिला, उरलेल्यांना एकदाच नीट समजावून सल्ला दिला. पुढे दोन्ही गटांत फरक पडला नाही. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. मग ध्यानात आलं की वाडीतल्या मावशींसाठी ह्याहून चांगली बातमी नाही. माझ्याकडे येण्यासाठी त्यांचा अख्खा दिवस जायचा, टमटमचं भाडं आणि मजुरी दोन्ही जायचं. एका भेटीत, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या घराला धरून नीट सांगितलं तर त्यांचं काही बिघडणार नाही. म्हणजे ती एक भेट मला फार जबाबदारीनं करायला हवी. ह्या पुस्तकातलं व्यायामाचं प्रकरण त्या एका भेटीसारखं लिहायचा मी प्रयत्न केला आहे.

पण ह्या बहुतेक अभ्यासांत 'बरा' कोणाला म्हटलं? त्यांतल्या अनेकांत स्वीडनच्या ऊलेरुड आणि मोलांडर ह्यांनी १९८४ मध्ये तयार केलेली प्रश्नावली वापरली आहे. एकूण १०० गुण. वेदनेला २५, कामाला आणि रोजच्या व्यवहाराला २०, ताठरपणा, सूज, जिना चढणं आणि आधार घ्यावा लागणं ह्यांना प्रत्येकी १०, धावणं, उडी मारणं आणि उकिडवं बसणं ह्यांना प्रत्येकी ५. प्रश्नावली चांगली आहे, सोपी आहे, आणि खुर्चीवर बसणाऱ्या देशात तयार झाली आहे. तिच्या हिशेबानं अजिबात उकिडवं बसता न येणाऱ्या माणसाला १०० पैकी ९५ गुण मिळू शकतात. खांडसच्या मावशी त्या ९५ गुणांनी घरी गेल्या असत्या, आणि स्वतःच्या चुलीपुढे उभ्याच राहिल्या असत्या.

हा प्रश्न आपल्या देशात पूर्वी विचारला गेला आहे आणि त्याची सुंदर उत्तरंही मिळाली आहेत. १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनी जयपूर पाय घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाय घालून मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलात अनवाणी उतरता येत नव्हतं. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती ह्यांनी कृत्रिम गुडघा घडवताना इथल्या माणसांचं खाली बसणं लक्षात घेतलं. बदलायची ती वस्तू, माणसाचं जगणं नव्हे, हे ह्या लोकांनी ओळखलं. घोट्याच्या बाबतीत बदलायची आहे ती मोजपट्टी.

आणि ती बदलण्याचं काम मोठ्या शहरावरच सोपवायला हवं असं नाही. १९७० च्या दशकात ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया ह्यांनी गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं होतं. २०१२ मध्ये राज्यानं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावानं चालते. शस्त्रक्रियेचा खर्च ज्यांना पेलवत नाही त्यांच्या हातात तिच्यामुळे एक कागद आला. शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने मात्र कोणत्याही योजनेच्या कागदावर नीटसे उतरत नाहीत. ते घरात, अंगणात, बांधावर जातात, आणि तिथे काय घडतं ते लिहून ठेवणारे कोणी नसतात.

ते लिहून ठेवायला फार काही लागत नाही. घोटा किती वाकतो हे मोजायची जगभर मान्य असलेली एक साधी रीत आहे. भिंतीसमोर उभं राहायचं, पाऊल भिंतीपासून थोडं मागे ठेवायचं, आणि टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा. टाच टेकलेली असताना अंगठा भिंतीपासून जितका लांब, तितका घोटा मोकळा. यंत्र नको, वीज नको. एक मापपट्टी पुरते, आणि ती नसेल तर बोटं.

प्लास्टर निघाल्यावर मावशींच्या घरी मी त्यांना हे करायला लावलं. पहिल्या दिवशी अंगठा भिंतीला टेकलेला असतानाही गुडघा भिंतीपर्यंत जाईना. मी सारवलेल्या जमिनीवर खडूनं रेघ ओढली आणि त्यांच्या नातीला सांगितलं, आजी जिथवर येईल तिथे दर आदितवारी नवी रेघ काढ आणि बाजूला तारीख लिही. दोन महिन्यांनी गेले तेव्हा जमिनीवर नऊ रेघा होत्या. काही सारवणात पुसट झालेल्या होत्या, नातीनं त्या पुन्हा गिरवल्या होत्या. पहिली आणि शेवटची ह्यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर पडलं होतं. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या, उजवी टाच जमिनीपासून किंचित उचललेली. "अजून एक बोट राह्यलंय," त्या म्हणाल्या.

त्या नऊ रेघा म्हणजे माझ्या लेखी संशोधन आहे. तारीख आहे, माप आहे, आणि काय मोजायचं हे ज्याचा पाय त्यानं ठरवलं आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यावाड्यांतून अशा रेघा निघाव्यात, त्या वह्यांत उतराव्यात आणि कधीतरी एखाद्या मोठ्या अभ्यासात मोजल्या जाव्यात, एवढ्यासाठी हे पुस्तक. शेवटच्या पानावर अशी एक कोरी वही जोडली आहे. ती भरायला घ्या.